लिहिता न येणारी माय



आज डिसेंबरची ३ तारीख. दिवसभर कापूस वेचून तुम्ही इथं आलात. बोंडाच्या टोकांनी बोटांवर ओरखडे उठले आहेत, ते आम्हाला दिसतात. अशा हातांनी आज अक्षरं गिरवायला लावणं बरं नाही. म्हणून आज धडा नाही. आज गोष्ट सांगतो.

ही गोष्ट खरी आहे. राजाराणीची नाही. ती एका शेतकऱ्याच्या घरच्या मायची आहे. तिचं नाव बहिणाबाई चौधरी. ती जळगावची. १९५१ साली आजच्याच तारखेला ती वारली.

तिला लिहिता येत नव्हतं. वाचताही येत नव्हतं. सहीसुद्धा येत नव्हती. पण आज तिचं पुस्तक आहे. शाळेतली पोरं तिची गाणी पाठ करतात. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली तिचं नाव दिलं. विद्यापीठ म्हणजे सगळ्यात मोठी शाळा. हे कसं झालं? तेच आज सांगायचं आहे.

मोठी माणसं तिला कवयित्री म्हणतात. आदरानं 'त्या' म्हणतात. बरोबरच आहे. पण आपण मायला 'ती' म्हणतो. 'माय आली' म्हणतो, 'माय आल्या' असं कोणी म्हणतं का? म्हणून आम्ही तिला 'ती' म्हणणार. कोणी रागावू नये.

जळगाव तुम्हाला लांब वाटेल. पण तितकं लांब नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला एक छोटी आगगाडी जायची. शकुंतला म्हणायचे तिला. आता ती बंद आहे. आपल्या भागातला कापूस त्या गाडीत भरायचे. मूर्तिजापूरला तो मोठ्या गाडीत चढायचा. मग अकोला, भुसावळ, जळगाव करीत मुंबईला जायचा. म्हणजे आपला कापूस तिच्या गावावरून जात होता. तिच्या गावीही कापूसच पिकतो. तेच काळं रान. तेच पावसाकडे डोळे लावून बसणं.

आणि बोलीही जवळची. आपण डोळ्याला 'डोया' म्हणतो, काळ्याला 'काया' म्हणतो. तीही तसंच म्हणायची. तिच्या बोलीला लेवागण बोली म्हणतात. आपली वऱ्हाडी वेगळी, पण दोघी बहिणी शोभतील. ही बोलीची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं तिचं काम आहे.

बहिणाबाईचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा. जळगावजवळ असोदे म्हणून गाव आहे. तिथं महाजनांच्या घरी ती जन्मली. बापाचं नाव उखाजी, मायचं भिमाई. घर भावंडांनी भरलेलं. तीन भाऊ होते, बहिणी होत्या. शाळा? त्या काळी मुलींना शाळेत कोण घालतो! तेरा वर्षांची झाली आणि तिचं लग्न झालं. जळगावच्या नथूजी चौधरींशी. असोद्याहून जळगाव पायी जाता येईल इतकं जवळ. तरी सासर ते सासर. माहेरची वाट तिच्या मनातून कधी गेली नाही. त्या वाटेवर तिनं गाणी केली आहेत.

घर मोठं होतं. माणसं पुष्कळ. पहाटे उठायचं, दळायचं, सडा घालायचा, भाकऱ्या करायच्या, मग शेतात जायचं. शेतातून आलं की पुन्हा चूल. हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही माय-आज्यांचा दिवस असाच गेला.

दळताना ती गाणं म्हणायची. दळताना बायका गातात, त्यात नवल काय? नवल हे, की ती दुसऱ्याचं गाणं म्हणत नव्हती. तिचं तीच तयार करायची. तिकडे जात्याला 'घरोट' म्हणतात. त्या घरोटावरही तिचं गाणं आहे. समोर जे दिसेल त्यावर गाणं. पेरणी आली, पेरणीवर गाणं. विहिरीवर मोट चालली, मोटेवर गाणं. आखाजीला लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, त्यावर गाणं. सुगरण पाखराचा खोपा झाडाला टांगलेला दिसला. आपण तो पाहतो आणि पुढं जातो. ती थांबली. एवढ्याशा चोचीनं हे घर विणलं, ह्याला दोन हात नाहीत की दहा बोटं नाहीत, असं तिच्या मनात आलं. त्याचं गाणं झालं. ते गाणं आज महाराष्ट्रभर माहीत आहे.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. पाटी नाही, पेन्सिल नाही, मग एवढी गाणी ध्यानात कशी राहायची? त्याचं कारण जात्यातच आहे. जातं फिरतं तसा गाण्याला ठेका मिळतो. तिच्या पुष्कळ गाण्यांत एका ओळीत आठ अक्षरं असतात. पुन्हा आठ, पुन्हा आठ. शेवटी यमक जुळतं. एक शब्द चुकला तर ठेका अडतो, आणि जीभच सांगते की बाई चुकलीस. घरी गेल्यावर तुम्हाला येणारी एखादी ओवी म्हणा. बोटांवर अक्षरं मोजा. जोडाक्षर आलं तर ते एकच धरायचं, हे आपण मागच्या महिन्यात शिकलो. आठ भरतात का बघा. सगळ्या ओव्यांत नाही भरणार, पण पुष्कळ भरतील. लिहिता न येणाऱ्या बायकांनी आपली वही अशी जिभेवर ठेवली होती.

पण जिभेवरची वही माणसाबरोबर जाते. तेही पुढं येईल.

तिला तीन मुलं झाली. ओंकार, सोपान, आणि काशी ही मुलगी. संसार चालला होता. ती तीस वर्षांची झाली आणि नवरा गेला.

तीस वर्षं म्हणजे काय वय! आपल्याकडं आता कित्येक मुलींची त्या वयात लेकरं शाळेत जायला लागलेली असतात. तिची लेकरं लहान. त्यातून मोठ्या ओंकारला प्लेग झाला. प्लेग म्हणजे काय, हे आता कोणाला माहीत नाही. त्या काळी गावंच्या गावं ओस पडायची. माणसं घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायची. ओंकार जगला, पण त्या आजारानं त्याला कायमचं अपंग केलं. तिच्या नशिबाला एकामागून एक असे घाव आले.

आणि कायदा? तिचा नवरा गेला तेव्हाचा कायदा असा होता, की एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्र आणि राहायला जागा, एवढाच हक्क. जमिनीत वाटा नाही. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. तेव्हा विधवेला नवऱ्याच्या हिश्शात मुलांच्या बरोबरीनं वाटा मिळाला, आणि तोही पक्क्या मालकीचा. २००५ साली लेकींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत लेकांइतका हक्क आला. बहिणाबाईनं यातलं काही पाहिलं नाही. ती १९५१ सालीच गेली. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण तुमच्यातल्या काहीजणींनी सातबारा अजून आपल्या डोळ्यांनी वाचलेला नाही. पुढच्या आठवड्यात तो घेऊन या. त्यावर आपलं नाव कुठं आहे ते बोट ठेवून वाचायचं. नसेल तर का नाही, ते तलाठ्याला विचारायचं.

असो. गोष्टीकडे वळू.

नवरा गेल्यावर ती रडली नसेल का? रडली. त्या दुःखाचीही गाणी आहेत. पण त्या गाण्यांत एक ताठ कणा आहे. एका गाण्यात ती स्वतःचीच समजूत घालते. कपाळाचं कुंकू गेलं, पण अंगावरचं गोंदण कोण पुसणार? हातातली काकणं गेली, पण मनगट तर जागेवर आहे ना? असा त्याचा अर्थ. आम्ही गाण्याचे शब्द सांगत नाही. ते तुम्ही पुस्तकात वाचा. वाचायला तर शिकलात! दुसऱ्या एका गाण्यात ती ज्योतिषाला दारातून परत पाठवते. माझं नशीब मला ठाऊक आहे, तू नको सांगू, म्हणते.

त्या काळी विधवा बाईनं दारात आलेल्या ज्योतिषाला असं सांगायचं! आमच्या आजीच्या काळात बाया ज्योतिषाला आधी पीठ घालायच्या आणि मग रडत बसायच्या.

ती रडत बसली नाही. शेत केलं. घर केलं. लेकरं वाढवली. सोपानला शिकवलं. हा सोपान पुढं सोपानदेव चौधरी झाला, मोठा कवी झाला. त्याच्या कविता छापून आल्या. पण त्याच्या आधी काय झालं, ते ऐका.

सोपान शाळेत जायचा. एका रात्री तो पुस्तकातून सावित्री आणि सत्यवानाची गोष्ट वाचत होता. माय जवळ काम करीत असेल. ती ऐकत होती. सोपान झोपला. सकाळी उठला तर मायनं त्या गोष्टीचं गाणं करून ठेवलेलं! रात्रीतून. तिच्या बोलीत, तिच्या ठेक्यात. सोपान चकित झाला. त्यानं वही घेतली आणि मायचं गाणं लिहायला लागला. अशी ती वही सुरू झाली, असं सांगतात.

इथं थोडं थांबा. पोरगा पुस्तक वाचत होता. मायला पुस्तक वाचता येत नव्हतं. पण पोराचं वाचणं तिच्या कानात गेलं, तिथून मनात गेलं, आणि दुसऱ्या दिवशी ते नवं होऊन पोराच्या वहीत आलं. शाळा पोराची, पण त्या रात्री ती दोघांची झाली. तुमच्या घरी नातवंडं मोठ्यानं धडा वाचत असतील तेव्हा 'गोंगाट करू नको' म्हणू नका. ऐका.

सोपान एकटा नव्हता. त्याचा मावसभाऊ पितांबर, तोही तिची गाणी टिपून ठेवायचा. आता आम्हाला तर त्या दोन पोरांचं फार कौतुक वाटतं. घरातली बाई काम करताना काही गुणगुणते. ते कोण लिहून ठेवतो? हिशेब लिहितात. उधारी लिहितात. मायचं गाणं कोण लिहितो? आणि ती थांबून सांगत थोडीच होती! तिचे हात कामात. भाकरी थापता थापता, निंदता निंदता ती म्हणायची. पोरानं धावून वही आणायची. तोवर दोन ओळी गेल्या. माय, पुन्हा म्हण. आता काय म्हटलं ते मला काय ठाऊक? असं किती वेळा झालं असेल! सगळी गाणी लिहिली गेली नाहीत. पुष्कळ गेली. हवेत म्हटली, हवेत गेली.

माय म्हातारी झाली. सासूपण, आजीपण आलं. लेक कवी म्हणून नावाजला. पण मायची वही घरातच होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती वारली. वयाला एकाहत्तर वर्षं झाली होती. जळगावच्या बाहेर तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. गावातली एक म्हातारी गेली, एवढंच.

सोपानदेवांकडे वही होती. पण लोकांपुढे ठेवायचा त्यांना संकोच वाटे. मायची भाषा खेड्यातली. शहरातले शिकलेले लोक काय म्हणतील? शेवटी भीत भीत त्यांनी तिची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. प्रल्हाद केशव अत्रे. मोठे लेखक, मोठे संपादक. फार सडेतोड माणूस. न आवडलेलं तोंडावर सांगायचे. त्यांनी पहिलंच गाणं पाहिलं आणि ते हरखले. हे अस्सल सोनं आहे म्हणाले. हे घरात दडवून ठेवायचं नसतं म्हणाले. १९५२ साली पुस्तक निघालं. 'बहिणाबाईंची गाणी' हे त्याचं नाव. अत्र्यांनीच त्याला प्रस्तावना लिहिली.

पुस्तक आलं तेव्हा माय नव्हती. एक वर्ष आधी निघालं असतं तर तिच्या हातात ठेवता आलं असतं. तिला ते वाचता आलं नसतं. पण हातात तर घेतलं असतं. उलटंसुलटं करून पाहिलं असतं. तिनं छापखान्यावरही गाणं केलं आहे बरं का! कोऱ्या कागदावर शाईची अक्षरं उमटतात याचं तिला मोठं अप्रूप होतं. कागदालाही शहाणपण येतं, मग माणसाला कधी येणार, अशी तिची चिंता. छापखान्यातूनच तिचं पुस्तक निघालं, आणि ते पाहायला ती राहिली नाही. आम्हाला ह्या गोष्टीतली ही जागा फार लागते.

पुढं १९६१ साली 'मानिनी' नावाचा सिनेमा आला. त्यात तिची गाणी घेतली. मग ती रेडिओवर लागली. घराघरात गेली. तुमच्यापैकी वय झालेल्या बायांनी ती ऐकली आहेत. तव्याच्या चटक्याचं गाणं ऐकलं आहे ना? हात भाजतो तेव्हा कुठं भाकर मिळते, त्याचं? ते हिचं.

आता आमची एक चूक सांगतो. तुमच्यापुढं सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमची आजी ह्याच मातीतली. तीही पहाटे चारला उठायची. तिचंही जातं होतं. आम्ही तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. जातं फिरायचं, तिची मांडी हलायची, वरून पीठ उडायचं आणि गाणं चालायचं. कोणाकडून किती पायली ज्वारी यायची आहे, ते ती भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडायची. कोणती रेघ कोणाची ते फक्त तिलाच समजायचं. आजोबा लवकर गेले होते. चार लेकरं आणि कोरडवाहू शेत तिनं एकटीनं ओढलं. घरात तिचा शब्द शेवटचा. लग्न कुठं करायचं, बैल कधी घ्यायचा, कोणाला शाळेत घालायचं, सगळं तीच ठरवायची. आम्हाला शाळेत तिनंच घातलं. आमचा बाप नको म्हणत होता. तिनं आमचा हात धरला आणि शाळेत नेऊन मास्तरांपुढं उभं केलं. 'ह्याले अक्षर द्या,' म्हणाली. एवढंच.

अक्षर मिळालं. आम्ही मॅट्रिक झालो, मास्तर झालो, हेडमास्तर झालो. खिशाला शाईचं पेन लागलं. आणि आजीची एक ओवी आम्ही लिहिली नाही.

का लिहिली नाही? वेळ नव्हता म्हणावं तर ते खोटं. सुट्टीत आम्ही घरी यायचो. ती ओट्यावर बसून गायची आणि आम्ही तिथंच बसून वर्तमानपत्र वाचायचो. खरं कारण निराळं. आम्हाला ती बोली गावंढळ वाटायची. शाळेत आम्ही पोरांना 'हाय' म्हटलं की 'आहे' म्हणायला लावत होतो. 'डोया' म्हटलं की छडी दाखवत होतो. मग घरी येऊन तीच बोली वहीत कशी लिहिणार?

आजी गेली. तेरवीला घरात बाया जमल्या. कोणी म्हणालं, तिची ती ओवी म्हणा ना, विठोबाची. एकीनं सुरू केली. दुसरी ओळ कोणाला येईना. दुसरीनं दुसरी काढली. तीही अर्धी. आमच्या आत्याला जास्त येत होत्या, पण तीही मध्येच थांबली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आम्हाला त्या दिवशी चाल आठवत होती. शब्द नाहीत. आजही चाल आठवते.

त्यानंतर काही वर्षांनी आम्ही वर्गात बहिणाबाईची कविता शिकवायला घेतली. शिकवायला म्हणजे काय, आम्ही वाचतानाच अडलो. 'ळ' च्या जागी 'य', शब्द निराळे, आमची शुद्ध जीभ वळेना. पोरं हसू दाबत होती. मागच्या बाकावर एक पोरगा होता. त्याची माय मजुरीनं कापूस वेचायला जायची. एरवी तो वाचताना फार अडायचा. आम्ही त्याला उठवलं. त्यानं ती कविता सरळ वाचली. एकदाही न अडता. आपल्या घरात बोलावं तशी वाचली. वर्ग गप्प झाला. आम्ही त्याला 'बस' म्हणालो आणि फळ्याकडं तोंड केलं.

त्या दिवसापासून आम्ही 'डोया'साठी छडी दाखवली नाही. परीक्षेत शुद्ध लिहावं लागतं, ते शिकवलं. पण बोलण्याला हात लावला नाही. सोपानदेवांनी मायचे शब्द बदलले असते, 'शुद्ध' करून छापले असते, तर ती गाणी मेली असती. त्यांनी ती तिच्याच बोलीत ठेवली. मायला नवं लुगडं नेसवून फोटोला बसवली नाही. ती होती तशी उभी केली.

तिचं एक गाणं आम्हाला फार आवडतं. एक सासुरवाशीण माहेराचं गुणगान गात असते. एक जोगी ते ऐकतो. तो विचारतो, बाई, माहेर एवढं चांगलं तर सासरी कशाला आलीस? ती काय उत्तर देते? तिचं म्हणणं असं, की तिची लेक उद्या ज्या घराला माहेर म्हणेल, ते हेच घर. मी इथं टिकले तर तिला यायला जागा. तुम्ही आता एकमेकींकडं बघायला लागलात. बघा, बघा. तुमच्यातल्या कित्येकींच्या घरी दिवाळीला लेक आली होती. ती कोणाच्या जोरावर आली?

आणि ह्या जिल्ह्यात हे आम्ही उगाच म्हणत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं फार सोसलं. कापूस बुडाला, कर्ज झालं, आणि कितीतरी घरांतला कर्ता पुरुष स्वतःच्या हातानं गेला. नावं घेत नाही. ती तुम्हाला माहीत आहेत. त्या घरांत मागं एक बाई राहिली. कोणी पंचवीस वर्षांची, कोणी तिशीची. तिनं दार लावून घेतलं नाही. ती मजुरीला गेली, अंगणवाडीत गेली, लेकरांच्या फीचे पैसे भरले. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. ब्याण्णवावं. देशातले लेखक, कवी आले होते. त्याचं उद्घाटन कोणी केलं? आपल्याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्याच्या एका शेतकऱ्याच्या विधवेनं. साहित्यिकांच्या मांडवात ती उभी राहिली आणि आपल्या तोंडानं आपलं बोलली.

जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे. तिथं बहिणाबाईच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. शेतीची अवजारं, स्वयंपाकघरातल्या वस्तू. आपल्या घरी असतात तशाच. तिकडं कोणी जाणार असेल तर जरूर पाहून या. पण आमच्या मनात येतं, की त्या वस्तू तशा कोणाच्याही घरी सापडतील. त्या वाड्यातल्या वस्तू लोक पाहायला जातात त्या दोन पोरांच्या वहीमुळं.

मागच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर आम्ही इथल्याच एका आजीबाईंना म्हटलं, तुम्हाला जात्यावरच्या ओव्या येतात असं ऐकलं. सांगा, आम्ही लिहून घेतो. एकदा चुकलो, आता चुकणार नाही. आम्ही वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. आजीबाई म्हणाल्या, 'राहू द्या गुरुजी. तुम्ही लिहान तर तुमच्यासारखं लिहान. मी लिहीन.' आम्ही म्हटलं, तुमचं जोडाक्षर अजून कच्चं आहे. त्या म्हणाल्या, 'असू द्या कच्चं. माही ओवी मले वाचता आली म्हणजे झालं.'

काल त्यांनी वही आणून दाखवली. दीड पान भरलं आहे. अक्षर वाकडं आहे, वेलांट्या जिकडंतिकडं आहेत. 'डोया' तसाच लिहिला आहे. आम्ही लाल पेन्सिल बाहेर काढली नाही. त्या आज तिथं मागं खांबाला टेकून बसल्या आहेत, आणि पहिली ओवी त्या स्वतः वाचून दाखवणार आहेत. कंदील जरा त्यांच्याकडं सरकवा. वीज अजून आली नाही, आणि त्यांचा चष्मा जुना आहे.